दान आलेला भोंगा आणि त्याची वीज

(कसाल परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेसाठी तयार केलेले भाषण)



गावावर येणारे संकट सर्वांस एकाच वेळी कळावे, ही गरज काही नवी नाही. कोकणातील वाड्या झाडीत दडलेल्या, घाटीच्या वर-खाली आणि व्हाळाच्या अलीकडे-पलीकडे विखुरलेल्या. एका घरची हाक दुसऱ्या घरी पोहोचावयाची तर कुकारा घालावा लागे. साऱ्या गावास काही सांगावयाचे तर दवंडी पिटावी लागे, नाही तर देवळातील ढोलावर टिपरी पडे. अवेळी ढोल वाजू लागला म्हणजे काही तरी विपरीत घडले आहे, हे कोणी कोणास शिकविलेले नसे. ह्या जुन्या साधनांत उणिवा पुष्कळ होत्या; परंतु एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. त्यांना वीज लागत नव्हती.

आता भोंगे आले. एखादे मुंबईकर ग्रामस्थ मंडळ, एखादी सेवाभावी संस्था किंवा एखादा कारखाना गावास भोंगा देऊ करतो. ग्रामपंचायतीच्या कौलांवर किंवा शाळेच्या इमारतीवर तो बसविला जातो, नारळ फुटतो, एकदा वाजवून दाखविला जातो, मुले टाळ्या पिटतात. दात्याची भावना चांगलीच असते. मात्र दात्याने दिलेले असते ते यंत्र. त्या यंत्रास वर्षाचे ३६५ दिवस जागे ठेवणारी शक्ती कोठून यावयाची, तिचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि चौथ्या वर्षी बॅटरी दगावली म्हणजे नवी कोणी घ्यावयाची, हे दानपत्रात बहुधा लिहिलेले नसते. पुष्कळ भोंगे मुके होतात ते ह्याच कारणाने. मोटार जळून मुके झालेले त्यामानाने थोडे.

कसाल हे गाव कुडाळ तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, मालवणचा रस्ता जेथे फुटतो तेथे वसलेले आहे. येथून समुद्र दिसत नाही, म्हणून वादळाची चिंता किनाऱ्यावरच्यांनी करावी असे कोणास वाटेल. ते बरोबर नव्हे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकले, तेव्हा त्याचा वारा किनाऱ्यावर थांबला नाही. जिल्ह्यात माड व आंब्याची झाडे तारांवर पडली, खांब वाकले, आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. विजेपाठोपाठ मोबाइलही मुके झाले. कारण मोबाइलचे मनोरेदेखील शेवटी विजेवर व बॅटऱ्यांवरच उभे असतात. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळाने ह्याच किनाऱ्यावरील मच्छीमारांवर घाला घातला होता. तौक्तेपासून घेण्याचा धडा अगदी साधा आहे. ज्या वाऱ्याची सूचना द्यावयाची, तोच वारा तार तोडतो. तेव्हा केवळ घरातल्या विजेवर चालणारा भोंगा हा कोरड्या दिवसांचा भोंगा होय.

भोंगा कोणत्या जातीचा आहे, हे प्रथम पाहावे. कारण त्यावर पुढील सर्व हिशेब अवलंबून आहे. जुन्या जातीच्या भोंग्यात एक फिरते चाक असते. त्याच्या भोवती खाचा असलेले दुसरे, स्थिर कडे असते. चाक फिरले म्हणजे हवा आत ओढली जाते व खाचांतून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर फेकली जाते. ह्या तुटक झोतांचाच आवाज होतो. चाकास १० खाचा असतील आणि ते सेकंदास ४५ फेरे घेत असेल, तर सेकंदास ४५० झोत बाहेर पडतात, आणि तेवढ्या कंपनांचा स्वर ऐकू येतो. चाक वेग घेत असता स्वर चढतो, वेग कमी होता उतरतो. भोंग्याचे ते ओळखीचे रडणे म्हणजे दुसरे काही नव्हे. १८१९ साली कान्यार द ला तूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे उपकरण स्वरांची कंपने मोजण्यासाठी सुधारून तयार केले. ते पाण्याखालीही वाजत असे, म्हणून त्याने त्यास ग्रीक पुराणातील जलकन्यांचे ‘सायरन’ हे नाव दिले. त्या जलकन्या गाऊन खलाशांना खडकांवर ओढून नेत. नावाची ही उलटी गंमत मुलांना सांगण्याजोगी आहे.

हे चाक हाताने फिरवावयाचे असेल तर विजेचा प्रश्नच उरत नाही. एक धडधाकट माणूस पुरतो. आवाज काही शे मीटरपर्यंत जातो आणि माणूस दमला की थांबतो, एवढाच त्याचा दोष. बांगलादेशात नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात निदान तीन लाख माणसे मेली. त्यानंतर १९७२ पासून तेथे जी चक्रीवादळ-सज्जता योजना रेडक्रॉसच्या साहाय्याने उभी राहिली, तिच्या स्वयंसेवकांच्या हाती दिलेली साधने कोणती होती? हातभोंगा, कर्णा, निशाण आणि रेडिओ. हजारो स्वयंसेवक हा हातभोंगा घेऊन वाडी-वाडी फिरत. ज्या गावास काहीच परवडत नाही, त्याने हातभोंग्यास हसू नये. ज्या गावास मोठा भोंगा मिळाला आहे, त्यानेही एक हातभोंगा कपाटात ठेवावा.

चाक मोटारीने फिरवावयाचे असेल तर प्रकरण निराळे होते. एक अश्वशक्तीची मोटार म्हणजे ७४६ वॅट. परंतु सुरू होण्याच्या क्षणी मोटार नेहमीच्या कित्येक पट विद्युत्प्रवाह ओढते. भातगिरणी सुरू होताना शेजारच्या घरातील दिवे क्षणभर मंदावतात, ते ह्याच कारणाने. वाहिनीच्या शेवटच्या टोकास असलेल्या वाडीत पावसाळ्यात विद्युत्दाब आधीच उतरलेला असतो. तेथे मोटार नुसती गुरगुरते, वेग घेत नाही, आणि गुरगुरत राहिली तर जळते. अशी मोटार घरगुती इन्व्हर्टरवर चालेल ह्या भ्रमात राहू नये. तो झटका सोसणारा इन्व्हर्टर भोंग्याहून महाग पडावयाचा. जनित्र ठेवावे, तर डिझेल, ते सुरू करणारा माणूस, आणि ऐन रात्री पावसात त्या माणसाचे घर, ह्या तिन्ही गोष्टी जवळ असाव्या लागतात. देणगीदारास अगोदर विचारण्याची संधी मिळाली, तर छोट्या गावाने मोटारीचा भोंगा मागू नये.

तिसरी जात इलेक्ट्रॉनिक भोंग्याची. त्यात फिरते चाक नाही; कर्ण्यासारखे ध्वनिक्षेपक असतात, आणि त्यांस १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ध्वनिवर्धक आवाज पुरवितो. सुरू होताना झटका नाही, आणि त्याच कर्ण्यातून माणसाच्या बोलीत सूचनाही देता येते. बॅटरीवर पोसावयाचा तर हाच भोंगा. आता त्याचे पोट किती, ते पाहू. सातवीतल्या मुलांस सुटेल असे हे गणित आहे.

भोंगा वाजत असता बॅटरीतून ३०० वॅट ओढतो असे धरावे. धोक्याची हाक ३ मिनिटांची. म्हणजे एका हाकेस १५ वॅट-तास शक्ती लागली. एका रात्रीत १० वेळा वाजविला तरी १५० वॅट-तास. १२ व्होल्टच्या, ४० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घेतल्या तर त्यांत ९६० वॅट-तास साठतात. त्यांतील निम्म्याच वापराव्यात, कारण शिशाची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली म्हणजे तिचे आयुष्य घटते. तरी ४८० उरतात. म्हणजे ३० हून अधिक हाका. एवढ्या हाका कोणत्याही गावास एका वादळात लागत नाहीत. मग अडचण कोठे आहे?

अडचण वाट पाहण्यात आहे. तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून दूरसंदेशाने वाजणारा भोंगा असेल, तर त्याचा ग्राहक-यंत्रभाग अहोरात्र कान टवकारून बसलेला असतो. तो ५ वॅटच ओढतो असे धरले, तरी दिवसाचे २४ तास ह्या हिशेबाने १२० वॅट-तास झाले. म्हणजे गप्प बसलेला भोंगा एका दिवसात आठ हाकांइतकी शक्ती खाऊन टाकतो! वीज गेल्यावर चौथा दिवस संपेतो वापरण्याजोग्या बॅटऱ्या रिकाम्या झाल्या. तौक्तेनंतर कित्येक दिवस अंधार होता हे येथे आठवावे. भोंगा बसविणाऱ्या कारागिरास विचारावयाचा पहिला प्रश्न ‘किती दूर ऐकू जातो?’ हा नव्हे. ‘गप्प असता किती खातो?’ हा होय. कारागीर ह्या प्रश्नावर अडखळला, तर बॅटरीच्या तारेत प्रवाहमापक जोडून ते आकडे त्याच्यासमोरच वहीत उतरून घ्यावेत.

सूर्यपट्टी बसवा, म्हणजे सारे सुटेल, असे सांगण्याची आता रीत पडली आहे. ती निम्मी खरी आहे. १०० वॅटची पट्टी फेब्रुवारीच्या स्वच्छ उन्हात दिवसाकाठी सुमारे ४०० वॅट-तास देऊ शकते. परंतु भोंग्याची गरज फेब्रुवारीत नसते. आषाढात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, अशा वेळी तीच पट्टी चौथाईदेखील देईल की नाही ह्याची शंका. म्हणजे जेथे दिवसाचे १२० लागतात तेथे १०० किंवा त्याहूनही कमी यावयाचे. यास्तव पट्टीचा हिशेब उन्हाळ्यातील आकड्यांवर मांडू नये. पावसाळी दिवस धरून मांडावा आणि पट्टी दुप्पट घ्यावी. पट्टी फणसाच्या किंवा माडाच्या सावलीत येत नाही ना, हे सकाळी, दुपारी व सायंकाळी असे तीनदा पाहावे. पट्टीच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीदेखील उत्पन्न बरेच घटविते.

पट्टीच्या उताराविषयी एक गोष्ट भूगोलाच्या तासाशी जोडता येते. आपल्या देशात पट्टी दक्षिणेकडे तोंड करून बसवितात. ती गोष्ट बहुतेक वर्षभर बरोबर आहे. परंतु कसाल सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या प्रारंभापासून ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत येथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. ह्या दोन टोकांच्या दिवशी भर दुपारी शाळेच्या पटांगणातील उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमधला दिवस सुट्टीत जातो, ऑगस्टमधला ढगांत जातो, तरी सुट्टीत गावी असलेली मुले मेचा प्रयोग करू शकतात. तात्पर्य असे की, पट्टी दक्षिणेकडे फार कलती केली तर नेमक्या पावसाळ्यात तिचे नुकसान होते. ती १०-१५ अंशांहून अधिक कलवू नये. अगदी सपाटही ठेवू नये, नाही तर पाणी साचून शेवाळ धरते व पक्ष्यांची घाण धुऊन जात नाही.

एवढा सगळा खटाटोप टाळावयाचा एक मार्ग आहे. भोंग्यास दूरसंदेशाचे कान देऊच नयेत. भिंतीवर एक साधे बटण, त्यापुढे पेटी, पेटीस कुलूप. बटण दाबले तरच बॅटरी जोडली जावी. मग गप्प असता भोंगा काहीच खात नाही. बॅटरी आपल्या आपण महिन्याला जी थोडीफार उतरते ती छोटी पट्टी किंवा साधा चार्जर भरून काढतो. लहान गावास हीच रचना पुष्कळ बरी. परंतु विजेत वाचविलेले किल्लीत द्यावे लागते. रात्री दोन वाजता किल्ली कोणापाशी आहे?

ह्या संबंधात पुदुच्चेरीजवळील नल्लवाडू ह्या मच्छीमार गावाची हकीकत प्रसिद्ध आहे. २६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. गावचा एक तरुण सिंगापुरात कामास होता. तेथे त्याने सुनामीची वार्ता ऐकली आणि घरी दूरध्वनी केला. त्या गावात एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने चाललेले एक ज्ञानकेंद्र होते व त्यास ध्वनिक्षेपक जोडलेला होता. केंद्र बंद होते. ग्रामस्थांनी ते फोडून उघडले, ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली, आणि तीन हजारांहून अधिक वस्तीचे ते गाव वेळीच किनाऱ्यावरून हटले. घरे व होड्या गेल्या, माणसे राहिली. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, दार फोडावे लागले. तेथील लोकांनी ते विनासंकोच फोडले, हे त्यांचे शहाणपण. दुसरी अधिक मोलाची. तो ध्वनिक्षेपक संकटासाठी म्हणून राखून ठेवलेला नव्हता. समुद्रातील लाटांची उंची, वाऱ्याची दिशा व गावच्या सूचना त्यावरून नित्य सांगितल्या जात. म्हणूनच त्या सकाळी तो चालू अवस्थेत होता, आणि तो कसा चालवावयाचा हे गावात अनेकांस ठाऊक होते.

नित्याच्या वापराचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे, आणि शिक्षकांस ते विशेष जवळचे वाटेल. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. २०२२ साली तेथील ग्रामस्थांनी असा नियम केला की, रोज सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजावा, घरोघरचे दूरदर्शन व मोबाइल बंद व्हावेत, आणि दीड तास मुलांनी अभ्यास करावा. करोनाच्या काळात मुलांच्या हाती गेलेला मोबाइल परत कसा घ्यावा, ह्या चिंतेतून ही कल्पना निघाली. अभ्यासाचे फळ काय मिळाले हा येथील विषय नव्हे. भोंग्याच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की, त्या गावात भोंग्याची परीक्षा रोज होते. बॅटरी उतरली, तार कुरतडली गेली, कर्ण्यात गांधीलमाशीने घर केले, तर ते त्याच सायंकाळी गावास कळणार.

ह्यावर आक्षेप असा येईल की, रोज वाजणाऱ्या भोंग्याचे भय राहत नाही. आक्षेप खरा आहे. गिरण्यांच्या काळी मुंबईकरांस भोंगा हे घड्याळ होते. त्याने कोणी दचकत नसे. म्हणून नित्याची हाक व धोक्याची हाक ह्यांत भेद हवा. नागरी संरक्षणाच्या पद्धतीत वरखाली होणारा स्वर हा धोक्याचा, आणि एकसुरी लांब स्वर धोका टळल्याचा मानतात. ७ मे २०२५ रोजी देशभर जो सराव योजला गेला, त्यात सिंधुदुर्ग जिल्ह्याचेही नाव होते, त्यामुळे हा भेद पुष्कळांच्या कानांवरून गेलेला आहे. अभ्यासासाठी किंवा परीक्षेसाठी वाजवावयाची हाक अगदी आखूड, अर्ध्या मिनिटाहूनही कमी ठेवावी, आणि तिचा स्वर ह्या दोहोंपेक्षा निराळा असावा. मुलांनी तो ओळखावा. वर्गात तोंडाने काढून दाखविण्यास त्यांना फार आवडते.

परंतु स्वर ओळखणे पुरेसे नाही. ऐकणाऱ्याने पुढे काय करावयाचे, हे त्यास आधी ठाऊक असले पाहिजे. हवाई बेटांवर सुनामीसाठी उभारलेले भोंगे जगात नावाजलेले आहेत. ८ ऑगस्ट २०२३ रोजी तेथील लाहायना हे गाव वणव्याने जळाले, शंभराच्या आसपास माणसे मेली, आणि भोंगे वाजले नाहीत. वाजविले नाहीत त्याचे अधिकाऱ्याने दिलेले कारण असे, की भोंगा ऐकून लोक सुनामी समजून डोंगराकडे धावले असते, आणि आग डोंगराच्याच बाजूस होती. ते कारण कोणास पटले, कोणास पटले नाही. कोकणात ही अडचण अधिकच आहे. पूर आला तर वर जावे. दरड सरकू लागली तर उतारापासून दूर जावे. वादळ असेल तर घरातच, भक्कम भिंतीच्या आडोशास थांबावे. एकाच रडण्यातून तीन परस्परविरुद्ध आज्ञा कशा निघणार? म्हणून भोंग्याच्या जोडीस माणसाचा आवाज हवा. इलेक्ट्रॉनिक भोंगा मागावा, असे वर म्हटले त्याचे हेही एक कारण. हाकेनंतर तीन-चार शब्दांचे वाक्य, तेही गावच्या बोलीत, दोनदा सांगावे.

आणि कोणास तरी संकट आधी दिसावे लागते, हे तर उघडच. २ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि धरणाखालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे दगावली. धरणाच्या गळतीची तक्रार ग्रामस्थांनी त्यापूर्वी केलेली होती. त्या रात्री धरणावर पहारा असता व वाडीत भोंगा असता तर काही मिनिटे हाती आली असती. त्या मिनिटांत म्हातारी माणसे, पाळण्यातली मुले, दावणीची गुरे ह्यांपैकी कोण कोण बाहेर पडले असते, ते सांगता येत नाही. परंतु नुसता भोंगा असून पहारा नसता तर एक मिनिटही हाती आले नसते.

आवाज पोहोचतो कोठवर, हे काम मात्र शाळेइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. विक्रेत्याच्या पत्रकात दिलेले अंतर शांत हवेतील सपाट मैदानावरचे असते. कर्ण्यापासून १ मीटरवर १२० डेसिबल आवाज असेल, तर अंतर दुप्पट होताच तो ६ ने उतरतो. १०० मीटरवर ८०, आणि १ किलोमीटरवर ६०. म्हणजे दोन माणसांच्या बोलण्याइतका. मध्ये टेकाड, दाट काजूबाग आणि पत्र्यावर पडणारा पाऊस आला म्हणजे तोही नाही. शिक्षकाने गावचा कच्चा नकाशा फळ्यावर काढावा. परीक्षेच्या हाकेच्या दिवशी प्रत्येक वाडीतील एका मुलास आपल्या अंगणात उभे राहून ऐकावयास सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी नकाशावर तीन खुणा कराव्यात: स्पष्ट ऐकले, पुसट ऐकले, ऐकले नाही. हा प्रयोग एकदा उघडिपीच्या दिवशी व एकदा भर पावसात करावा. दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी लावले म्हणजे कोणत्या वाडीस हातभोंगा द्यावयाचा हे ग्रामसभेस वेगळे सांगावे लागत नाही. ज्या घरात ऐकू न येणारे माणूस आहे, त्या घरापुढे शेजाऱ्याचे नाव लिहावे. मोठी मुले घड्याळ घेऊन आवाजाचा वेगही मोजू शकतात. एक किलोमीटरला सुमारे तीन सेकंद.

येथे एक तक्रार ऐकू येईल, आणि ती रास्त आहे. जनगणना शिक्षकाने करावयाची, निवडणूक शिक्षकाने पार पाडावयाची. आता भोंगाही शिक्षकाच्याच गळ्यात का? उत्तर असे की, तो त्याच्या गळ्यात पडू देऊ नये. भोंगा शाळेच्या छपरावर असला तरी मालकी ग्रामपंचायतीची, आणि तसा ठराव हवा. ठरावात बॅटरीसाठी दरवर्षी बाजूला काढावयाची रक्कम लिहिलेली असावी. बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकते असे धरून नव्या बॅटरीच्या किमतीचा चौथा हिस्सा दरवर्षी ठेवला म्हणजे पुरते. बटण कोणी दाबावयाचे, त्या निदान तीन व्यक्तींची नावे त्यात असावीत, आणि त्या तिघांची घरे तीन वाड्यांत असावीत. किल्ली तिघांपाशीही असावी. शिक्षक परगावचा असतो, सुट्टीत घरी जातो, त्याची बदली होते. त्याचे नाव ह्या तिघांत घालणे गावाच्याच हिताचे नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक पेटीच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावा. कागद ओलीने गळून पडतो.

देखभालीची वेळ आगोटीची असावी. मृग लागण्याआधी घरोघर कौले परतणे, लाकूडफाटा भरणे चालते, त्याच दिवसांत भोंग्याकडेही पाहावे. बॅटरीच्या टोकांवर धरलेली हिरवट-पांढरी बुरशी पुसून त्यांस व्हॅसलीन लावावे. पाण्याची बॅटरी असेल तर ऊर्ध्वपातित पाणीच घालावे; विहिरीचे पाणी कितीही नितळ असले तरी घालू नये. चार्जर बंद करून काही तास लोटल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर मापक १२.६ च्या वर दाखवीत असेल तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली उतरली असेल तर ती निम्म्याहून अधिक रिकामी आहे, आणि तशीच महिनोन् महिने पडू दिली तर पुढे भरेनाशी होते. केवळ मापकावरही विश्वासू नये. जुनी बॅटरी बसल्या जागी १२.६ दाखविते आणि भोंगा लावताच ९ वर कोसळते. म्हणून भोंगा वाजत असतानाच मापक पाहावा. मुख्य वीज बंद करून एक पूर्ण हाक वाजवावी. ही परीक्षा वीज चालू असता घेतली तर तिला काही अर्थ नाही, कारण मग परीक्षा चार्जरची होते. कर्ण्याचे तोंड जाळीने बंद करावे, भूसंपर्काची तार वळवाच्या विजा सुरू होण्यापूर्वी तपासावी, आणि बॅटरीच्या खोलीस वरच्या बाजूने हवा जावयास झरोका आहे ना, ते पाहावे. चार्ज होताना बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

हे सर्व एका वहीत नोंदविले जावे. तारीख, विद्युत्दाब, किती सेकंद वाजला, कोणत्या वाडीत ऐकू आला, आणि सही. ही वही वरच्या वर्गातील मुलांनी लिहिली तर त्यांचे गणित व शास्त्र दोन्ही होते. मात्र बॅटरीस हात लावण्याचे काम मोठ्यांनीच करावे. तिच्यात सल्फ्युरिक आम्ल असते, आणि दोन टोकांवर पान्हा आडवा पडला तर तो तापून लाल होतो. निकामी झालेली बॅटरी शाळेच्या पडवीत ठेवून देण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. तिच्यातील शिसे विषारी असते व आम्ल जमिनीत मुरून विहिरीस लागते. ती नवी बॅटरी घेताना जुन्या बॅटरीची किंमत वजा करून दुकानदारासच परत द्यावी, आणि त्याची पावती त्याच वहीत चिकटवावी.